बेल्ट लावू नये

गोठलेल्या समुद्रावरचा पहिला नियम:
बेल्ट लावू नये.
बर्फ फुटलाच तर दार ढकलून
उडी मारता आली पाहिजे.
बावीस हिवाळे व्होर्म्सी बेटावरून
दुधाच्या कॅनांची गाडी आणली ती अशी,
मोकळ्या छातीने, दार किलकिलं ठेवून.
हेल्यू म्हणायची, गारठून मराल.
मी म्हणायचो, गारठलेला निदान सापडतो तरी.

आता मला नऊ बेल्ट आहेत.
मांड्यांना, पोटऱ्यांना, कमरेला, छातीला,
केर्ली एकेक आवळते आणि विचारते,
"काचतंय का?"
डावीकडे काचलं तरी मला कळणार नाही
हे तिला ठाऊक आहे.
तरी दोन्हीकडे विचारते.

मग मोटर गुरगुरते, वरची दोरी ताणते,
माझं अर्धं वजन छत घेतं
आणि उरलेला मी सरकत्या पट्ट्यावर चालू लागतो.
म्हणजे चालवला जातो.
गुडघा उचलला जातो. टाच टेकवली जाते.
शाळेत व्याकरण कच्चं होतं माझं,
पण या वाक्यांत कर्ता मी नाही
एवढं समजतं.

पहिल्या दिवशी बाराशे पावलं झाली.
फोनवर सांगितलं तर हेल्यू रडली.
ती सगळी उसनी होती, हे नाही सांगितलं.
आणि बाराशे पावलं चालून
मी पोचलो कुठेच नव्हतो:
समोर तीच खिडकी, हाप्सालूची तीच खाडी,
लव्हाळी, आणि दोन हंस,
ज्यांना पोहताना कोणी पाय हलवून देत नाही.

ऑक्टोबरात तळघरात बटाटे आणायला उतरलो होतो.
टोपली भरली, वळलो,
आणि डावा पाय मागेच उभा राहिला,
ओळख नसलेल्या माणसासारखा.
मी त्याला हाक मारणार होतो.
पण पायाला कुठे नाव असतं?
आणि तोवर तोंडही वाकडं झालं होतं.

तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी,
यंत्र मध्येच थांबलं. लाल दिवा. टीं टीं.
केर्ली धावली, पडद्यावरच्या रेषा पाहिल्या.
"डाव्या पायाने विरोध केला," म्हणाली,
"घाबरू नका, नुसता पेटका आहे.
हे आम्ही मोजत नाही."

मी मोजलं.
इतके दिवस जो ओल्या पोत्यासारखा लोंबला
तो पहिल्यांदा काही बोलला,
आणि बोलला काय, तर नाही.
हा माझाच पाय, म्हटलं. घराण्यावर गेलाय.

त्यानंतर ती पडद्यावर टॉवेल टाकू लागली.
जेवणातलं मीठ कमी करावं
तशी यंत्राची मदत कमी करते, न सांगता.
तिला वाटतं मला कळत नाही.

जाड बर्फ चाकाखाली घुमतो,
पातळ बर्फ बारीक आवाजात गातो.
तो सूर ऐकला की आम्ही
बोलणं बंद करायचो, रेडिओ बंद करायचो.
थांबायचं मात्र नाही, हा दुसरा नियम.
इथेही तसंच:
मोटर घुमते तोवर ती मला वाहते आहे.
आवाज बारीक झाला
की पाठीवर घाम सुटतो,
जीभ दातांत येते,
आता खाली फारसं काही नाही.
आता आहे तो मीच.

गेली कित्येक वर्षं समुद्र नीट धरत नाही.
रस्ता उघडतच नाही, फेरीबोट बाराही महिने चालते,
आणि दार किलकिलं ठेवायचं
कोणाला शिकवावं, असं माणूस राहिलं नाही.
केर्लीला सांगितलं एकदा.
"म्हणजे बुडायची तयारी ठेवून चालवायचं?"
नाही गं, बाहेर पडायची.

आज तिने पोटरीचा पट्टा ओढला,
सवयीने विचारलं, काचतंय का,
आणि उत्तराची वाट न पाहता
पुढच्या बक्कलकडे वळलीसुद्धा.

हो, म्हटलं.
डावीकडे.
जरासं.